फोटो हलतो काहून

हिवरखेड,
२० ऑगस्ट २००७

चि. नितेश यास शकुनताईचे आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे आहोत. तू आणि प्रणालीही बरे असाल. फोनवर बोलताना बाबा शेजारीच बसलेले असतात, म्हणून लिहिते.

तू पाठवलेल्या कॅमेऱ्याने माझं डोकं उठवलं आहे. पऱ्हाटीच्या पानांवर पिठासारखं पांढरं काय पडलंय, ते तुझ्या ऑफिसातल्या कीडतज्ज्ञ साहेबांना दाखवायचं, एवढंच काम. तू म्हणालास, लहान साइजचा फोटो काढ, लवकर पोचेल. काढला. तर तुझं उत्तर, "ताई, नुसता ठिपका दिसतो. रिझोल्यूशन वाढव." वाढवलं, अगदी शेवटपर्यंत. तर तेल्हाऱ्याच्या इंटरनेट कॅफेत फोटो अर्धा चढायचा आणि लाइन जायची. एसटीच्या दोन खेपा वाया. मग मधली साइज. तो फोटो पोचला, तर म्हणे, "हललाय. मोठ्या साइजवर पुन्हा काढ."

कीड तुझ्या साइजसाठी थांबत नाही रे! बांधाकडची सगळी पऱ्हाटी पांढरी झाली. शेजारच्या वावरातले खुशालकाका म्हणाले, उपट. काल उपटली आणि जाळली. कापसाची बोंडं धरायला लागली होती.

आता खरं सांगते. साइज कितीही वाढव, फोटो हलणारच. पान बाबा धरतात. उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात थरथरतो. तुला कळवायचं नाही, अशी शपथ घातली होती त्यांनी मला.

मैनाबाई निंदायला आली होती, म्हणून मी म्हटलं, "बाबा, पान मैनाबाईले धरू द्या." तर खेकसले, "नितेशले पाहाची हाये ना कीड? मंग मीच धरतो."

त्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून तू गेलास, त्यानंतर पहिल्यांदा तुझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं. आता रोज संध्याकाळी विचारतात, "दिसलं काय त्याले?" मी काय सांगू?

मला आणखी सेटिंग शिकवू नकोस. रविवारी ये. उरलेली पऱ्हाटीही पाहा आणि त्यांनाही. प्रणालीला घेऊनच ये. मी काल बाबांना विचारलं, "रविवारी सूनबाईले आणू दे काय?" तर आज सकाळी त्यांनी न्हाव्याला निरोप धाडला, रविवारी लवकर ये म्हणून.

उत्तर लिहीत बसू नकोस.

तुझी,
शकुनताई