टाचेवरची साय

३ जून

चि. भिंगरीस, मावशीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. मधुमेहामुळे तुझ्या काकांच्या टाचेची जखम भरत नाही. रोज धुते, पट्टी बदलते, आणि सकाळी पाहावं तर जखमेवर पुन्हा सायीसारखा बुळबुळीत थर. गोळ्या, इंजेक्शनं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. सर्जन म्हणतात, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. काका म्हणतात, आधी त्याचा स्वतःचा काढ म्हणावं, मग बघू.

याच पायांवर बसून तू झोके घ्यायचीस, आणि उतरायला सांगितलं की भोकाड पसरायचीस. तू प्रयोगशाळेत अशाच जखमांसाठी चुंबकाची पट्टी बनवतेस ना? एक पाठव. एकच.

लोभ आहेच, या वेळी तो पाकिटात घालून पाठव.

तुझी मावशी

८ जून

ती. मावशीस, शि. सा. न.

तुझं पत्र मिळालं. ती साय म्हणजे जंतूंची वस्ती. चिकट रस सोडून ते स्वतःवर छप्पर घालतात आणि औषध त्यावरून ओघळून जातं. आमच्या पट्टीच्या धाग्यांत लोखंडाचे कण असतात, धुळीहून कितीतरी बारीक. बाहेरून चुंबकाचा जोर पालटत ठेवला की ते थरथरतात आणि छप्पर धरू देत नाहीत. पण हे जमलंय काचेवर आणि उंदरांवर. माणसावर नाही, म्हणून पाठवत नाही. नोकरी जाईल याची भीती नाही गं, काका जातील याची आहे. सर्जनचं ऐका. काकांना सांग, हट्ट रेडिओपुढे चालतो, जखमेपुढे नाही.

रागाव, पण लोभ पातळ करू नकोस.

तुझी भिंगरी

१४ जून

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

शेजारच्या बाई आज तुझ्याकडच्या बाजूला येताहेत, त्यांच्या हाती हे देते. काकांनी तुझं पत्र मागून घेतलं. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस; म्हणाले, लोखंड आणि चुंबकच ना, तेवढं मलाही कळतं. खिळा कानशीने घासून त्याचा चुरा केला. मी तो उकळून दिला आणि आम्ही पट्टीत पसरला. जुन्या स्पीकरचं चुंबक मीच टाचेवर फिरवत बसायची. पहिल्या दिवशी थर कमी वाटला. किती दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

मग हुडहुडी भरून ताप आला आणि पाय घोट्यापर्यंत काळानिळा झाला. काल दवाखान्यात आणलं. उद्या एमआरआय आहे. नर्सने विचारलं, अंगात कुठे धातू आहे का? काका सरळ नाही म्हणाले आणि मला चिमटा काढला. खरं कळलं तर आजच पाय तोडतील म्हणतात. मीही गप्प बसले. चुरा खोल गेलाय गं. काय करू?

मावशी

१४ जून, संध्याकाळ

ती. मावशीस, शि. सा. न.

पत्र हातात पडताच सर्जनना फोन करून सगळं सांगितलं. एमआरआय रद्द झालाय. त्या यंत्रातल्या चुंबकाने चुरा ओढला असता, मांस फाडत. आणि मावशी, लोखंड जंतूंचं खाणंच असतं. आमच्या कणांवर लेप असतो म्हणून ते चालतात. पट्टी कशी चालते हे मी हौसेने लिहिलं, आणि हे लिहायचं राहिलं.

मी निघालेच होते, पण काकांनी सर्जनकरवी निरोप दिला, चहाडखोर पोरीने तोंड दाखवू नये. नाही दाखवत. तू फक्त पाय काढायच्या संमतीवर त्यांची सही करून घे, उद्याच. हे बाईंच्याच हाती परत पाठवते.

तुला जमेल तेवढा लोभ ठेव.

भिंगरी

२७ जून

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

पाय गेला. माणूस आहे. भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. तुझं नाव निघालं की चादर डोक्यावर.

काल सर्जन आले. काढलेल्या टाचेवरचा थर त्यांनी जपून ठेवलाय. तुमच्या प्रयोगशाळेला द्यायचा तर काकांची परवानगी हवी म्हणाले. मला वाटलं, आता उशाचा पेला फेकतात. चादरीतूनच बोलले की काचेवरच्या लाडावलेल्या जंतूंवर ती काय शिकणार, हे घे म्हणावं, माझ्या जिवावर माजलेले. मग हात बाहेर काढून सही केली. राग गेला असं मात्र समजू नकोस.

परवा दुसऱ्या पायाच्या करंगळीला पाणी धरलेला फोड दिसला. सर्जनना लगेच सांगितलं, काकांना अजून नाही; पाय बधिर, त्यांना कळतही नाही. आता त्यावर साधी पट्टी बांधते, आणि सकाळी ती सोडताना डोळे मिटून घेते.

लवकर कर, बाई. माझ्यावर लोभ करायला जो वेळ जातो, तोही त्या पट्टीलाच दे.

तुझी मावशी