सुट्टीतला समुद्र

तारीख बारा, मंगळवार
सकाळी, चहा झाल्यावर

माझ्या लाडक्या बेडकीला,

आजीचे पोटभर आशीर्वाद आणि एक धपाटा. धपाटा कशाबद्दल ते पुढे येईलच.

तारीख लिहिणाऱ्यानं टाकली आहे. मला विचारशील तर आज गॅसवाल्याचा वार. मी बरी आहे. जिना आला की दोन्ही गुडघे एकमेकांना 'आधी तू, आधी तू' करतात, एवढंच. बाकी खाणं, झोपणं आणि लोकांना नावं ठेवणं व्यवस्थित चालू आहे. जिन्यातला दिवा पुन्हा गेलाय. खालच्या शिंपीणबाई तुझी आठवण काढतात. तू शाळेत असताना पाण्यात घालून घालून जे कपडे आटवलेस, ते त्यांनी कसे उसवून मोठे केले हे त्या अजून प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात.

अक्षर ओळखलंस ना? गप्प बस. ओळख दाखवू नकोस, नाहीतर लेखनिक उठून जाईल. दोन वर्षं झाली, तुझ्या बापानं तुझ्याशी बोलणं टाकलंय, आणि आत्ताही तो बोलत नाहीये. तो फक्त माझं बोलणं उतरवून घेतोय, असं त्याचं म्हणणं. "आई, हे कशाला लिहायचं?" म्हणतोय. लिही म्हटलं. माझ्या तोंडून निघेल ते सगळं लिहायचं, असं आमचं ठरलंय. शिंकले तर शिंकही लिहायची.

मी त्याला फोनच का लावायला सांगितला नाही, ते नंतर सांगते.

तुझं पत्र पोचलं. त्यानंच वाचून दाखवलं. शाळेच्या सुट्टीत येणार, सोबत तू शिकवतेस त्या शाळेतल्या दोघी बाई असणार, मोठ्या कातळाजवळ पाण्याखाली उतरणार, हे सगळं कळलं. मला एक सांग, पाठीवर हवेची टाकी बांधून, तोंडात नळी धरून मासे बघायला जायचं म्हणजे काय? मासे बाजारात येतात की. तिथे हलत नाहीत, पळत नाहीत, डोळे उघडे ठेवून पडलेले असतात. काय बघायचं ते बघून घ्या.

असो. शौक आहे तर आहे. पण लॉजमध्ये उतरणार, असं जे लिहिलंस ना, त्याचा तो धपाटा. ज्या घरात तू रांगलीस, ज्या मोरीत तू श्वास कोंडून बादलीत डोकं घालून बसायचीस आणि आम्हाला घाबरवायचीस, ते घर आता तुला पुरत नाही होय? तुझी आई गेल्यावर तुझी वेणी घातली ती याच खिडकीत. तुझी खाट अजून तिथेच आहे. तिच्यावर तुझ्या बापानं होडीचे दोर ठेवलेत खरे, पण दोर काय, उचलता येतात.

आता मुद्द्याचं. तू विचारलंस, 'आजी, आमच्या सुट्टीत समुद्र कसा असतो?' मला विचारतेस! होडीत पाय ठेवला की माझं जेवण वर येतं. समुद्राबद्दल मला इतकंच कळतं की तो खिडकीतून दिसतो आणि वाळत घातलेल्या कपड्यांना चिकटपणा आणतो. ज्याला कळतं तो माणूस माझ्यासमोर पेन धरून बसलाय, आणि हे तुलाही ठाऊक आहे. उगाच आजीच्या खांद्यावरून दगड मारू नकोस.

आणि धक्क्यावरच्या त्या एक-नंबरला तू फोन केलास म्हणे. तोच तो, होडीवर डॉल्फिन रंगवलेला. पाणी कसं? एक नंबर. वारा कसा? एक नंबर. वादळात होडी उलटली तरी तो पोहत पोहत एक नंबरच म्हणेल. तुझ्या पत्रातली ती ओळ वाचताना तुझ्या बापाचा चेहरा असा झाला, जसा कुणी त्याच्या चहात मीठ घातलंय. 'त्यांच्याच होडीनं जाऊ,' असं पुढे होतं. ते त्यानं नीट वाचलं. आवाजही चढवला नाही. मग उठून खिडकी लावली आणि लगेच पुन्हा उघडली.

म्हणून मी त्याला म्हटलं, लिही, की त्या दिवसांत समुद्र छान असतो, तू खुशाल ये, आणि बापाच्या होडीत बस.

त्यानं पेन खाली ठेवलं.

"हे मी नाही लिहिणार."

"पत्र माझं आहे."

"पत्र तुझं आहे, समुद्र तुझा नाही. त्या दिवसांत तो छान नसतो."

"अरे, ती येईल तरी!"

"आणि उतरेल."

बस, एवढंच. आता होडीवर निघालाय, ही ओळ उभ्यानंच लिहितोय. 'उतरेल' पर्यंतचं सगळं त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं म्हणतो. मला वाचता येत नाही, पण पेन किती वेळ खरखरलं ते ऐकू येतं.

दुपारी, जेवणं उरकल्यावर

आला परत. हात धुऊन, चष्मा पुसून आपणहून बसलाय. मी बोलावलं नाही हं.

मला म्हणाला, "समुद्राचं मी लिहितो. तू मधे बोलू नकोस." म्हटलं, बरं. आता पुढचं माझं नाही. मी लसूण सोलते.

मेच्या सुट्टीत वारा दुपारी जोर धरतो आणि लांबून मोठी लाट येते. वरून पाणी साधं दिसलं तरी लाट खाली वाळू उपसते. कातळापाशी आपलाच हात दिसत नाही. त्यात उधाण असेल तर कातळाच्या बाहेरच्या अंगाला ओढ लागते आणि माणूस कुठल्या कुठे जातो. त्या दिवसांत मी गिऱ्हाईक नेत नाही. जे नेतात त्यांच्याबरोबर जाऊ नये.

पावसानंतर नदीचा गाळ बसायला दिवाळी उलटून जाते. थंडी सुरू झाली की वारा जमिनीकडून येतो, समुद्र सपाट होतो, पाणी निवळतं. तेव्हा तळाची वाळू होडीतून दिसते. त्यातही अर्ध्या चंद्राच्या सुमाराला भांगाची भरती असते, ओढ कमी. सकाळी, भरती पुरी होऊन पाणी थांबतं, त्या वेळी उतरावं. सर्दी असेल तर उतरू नये. कानाला दडा बसला तर जोर करू नये. वर येताना सावकाश यावं. आपल्याच बुडबुड्यांच्या पुढे जाऊ नये. सावकाश.

झालं वाटतं. माझा सगळा लसूण सोलून झाला, एवढं काय लिहिलं कुणास ठाऊक. वाचून दाखव म्हटलं तर दाखवलं. 'सावकाश' दोनदा आलंय. मी म्हटलं, एकदा खोड. नाही म्हणाला.

बेडके, आता मी बोलते आणि त्याला लिहावं लागेल.

तू पाण्याखाली उतरायचं शिकणार म्हणालीस, तेव्हा हा ओरडला. 'माझ्या होडीत पाय ठेवायचा नाही,' म्हणाला. तूही कमी नाहीस. 'होडी तुमची तुम्हाला लखलाभ,' म्हणालीस आणि बॅग भरलीस. तिकडे शहरात तलावात शिकलीस, पास झालीस, फोटो मला पाठवलास. फोटोत तू कोणती आणि टाकी कोणती ते कळायला मला वेळ लागला. तो फोटो शिंपीणबाईंनी बघितला, गॅसवाल्यानं बघितला. ह्यानं बघितला नाही, असं हा म्हणतो. मग त्याच्यावर डिझेलचा अंगठा कुणाचा उमटलाय?

हा स्वतः बोटींचे तळ घासायला उतरायचा, ते तुला आठवत नसेल. तू खिडकीत माझ्या कडेवर असायचीस. एकदा खाली काहीतरी अडकलं, घाबरला आणि झपकन वर आला. तेव्हापासून डावा कान गेला. तुला हे कुणी नीट सांगितलं नाही. 'बाबांना त्या बाजूनं ऐकू येत नाही,' एवढंच तुला माहीत. त्यानं तुझ्यावर जो आवाज चढवला ना, तो तुझ्यावर नव्हता गं. तो त्या दिवसावर होता. पण ज्याला स्वतःचा आवाज अर्धाच ऐकू येतो, त्याला कसं कळणार की समोरच्याला केवढा लागला?

पेन थांबलंय. थांबू दे. मी पाणी पिऊन घेते.

हां. लिही पुढे.

तुझ्या पत्रात एका जागी हा अडखळला होता. 'अक्षर लागत नाही,' म्हणाला. तुझं अक्षर! फळ्यावर पोरांना गिरवायला देतेस ते अक्षर लागत नाही!  हा होडीवर गेल्यावर पत्र घेऊन खाली शिंपीणबाईंकडे गेले. त्यांनी चष्मा लावला आणि घडाघडा वाचलं. 'बाबा अजून टोपी न घालता उन्हात बुडबुडे बघत बसतात का?'

तर त्याचं उत्तर देते. हो, बसतो. टोपी घालत नाही. माणसं खाली उतरली की इंजिन बंद करतो, होडीच्या कडेवर हनुवटी टेकतो आणि बुडबुड्यांवरून नजर काढत नाही. कुणी बोललं तरी ऐकत नाही, आणि ते काही कानामुळे नाही. कुणाचे बुडबुडे कुठले ते त्याला कळतं. घाबरलेल्याचे दाट येतात, निवांत माणसाचे थांबून थांबून. शेवटचं डोकं वर आलं की मगच हा पाणी पितो. होडीवरच्या पोरीबाळी हसतात त्याला. म्हणतात, काका, आम्ही काय पळून जाणार आहोत?

तू गेल्यापासून घरी येऊनही हा खिडकीशी तसाच बसतो. समोर पाणी, पाण्यावर काही नाही. मी म्हणते, काय बघतोस? म्हणतो, वारा बघतोय.

आता सांगते फोन का नाही लावला. फोनवर तुझा आवाज आला की ह्याला इंजिनात तेल घालायचं आठवतं आणि हा चपला घालतो. पत्राला माणसाला बसावं लागतं. आधी तुझं वाचायला, मग माझं लिहायला. शिंपीणबाई म्हणाल्या होत्या, आजी, मी लिहून देते, माझं अक्षर सुंदर आहे. मी म्हटलं, असेल, पण मला माझ्या पोराचंच अक्षर हवंय.

बघ, माझ्याकडे कसा बघतोय. आत्ता कळलं त्याला. एवढा मोठा झाला, केस पिकले, आणि आईनं कशाला बसवलं ते आत्ता कळतंय!

अजून एक. हे लिहायला तो कुरकुर करणार, पण तू वाचशील तेव्हा लिहिलेलंच असेल. तुझं पत्र आलं, त्याच आठवड्यात होडीला नवी शिडी बसली. पाण्यातून वर यायची. मी विचारलं, जुनीला काय झालं होतं? म्हणाला, पायऱ्या लांब लांब होत्या, गिऱ्हाइकांना त्रास व्हायचा. इतकी वर्षं कुणा गिऱ्हाइकाला त्रास झाला नाही. आमच्या ओळखीत बुटकी एकच आहे, आणि ती शहरात विज्ञान शिकवते.

"आई, पुरे."

पुरे तर पुरे. आता माझी अडचण ऐक. तुझी शाळा थंडीत सुट्टी देणार नाही, आणि हा सुट्टीत समुद्र देणार नाही. दोघांपैकी कुणाच्या पाया पडू? समुद्राला मी सांगू शकत नाही. शाळेला सांगितलं तर ते म्हणतील, अर्ज द्या, आणि मला तर लिहिता येत नाही. म्हणजे तुझं मासे बघणं काही ह्या सुट्टीत होत नाही. त्या एक-नंबरच्या होडीत तू बसायचं नाहीस, हे मी तुला माझ्या गळ्याची शपथ घालून सांगते. मग तू येणार कशाला? म्हातारीचे गुडघे बघायला? त्या शाळेतल्या बायकांना तू काय सांगणार, चला, आमच्याकडे खिडकी बघायला चला?

मला माहीत नाही. मी सगळं सांगून बसले. इतकं बोलले, पण एक गोष्ट माझ्या बोलण्यानं होत नाही. ती ज्याच्या तोंडची आहे त्यानंच बोलायला हवी.

म्हणून त्याला सांगितलंय, कागदाच्या खाली थोडी जागा मोकळी सोड. कशाला, ते सांगितलेलं नाही. मी सही करते आणि लसणाची सालं टाकायला खाली जाते. जिन्यात दिवा नाही आणि गुडघ्यांचं तर तुला ठाऊकच आहे, तेव्हा मला यायला बराच वेळ लागेल.

मला अक्षर येत नाही, एक गोल तेवढा काढता येतो. तो खाली काढलाय. थोडा वाकडा आहे. तू त्याला बुडबुडा समज, आणि आजी निवांत आहे हे ओळख.

तुझी,
वरून बघत बसलेली आजी

◯

बेडके,
सुट्टीत समुद्र खराब असेल. पाण्यात काही दिसणार नाही. उतरता येणार नाही.
तरी ये. खाटेवरचे दोर काढले आहेत.
बाबा