हुडच्या जागी हात

आई, आज दुपारी खिडकीतून समोरच्या बहाव्याचा फोटो काढायला गेले. ऊन फोनच्या काचेवर तिरकं पडत होतं आणि सगळं चित्र दुधाळ दिसत होतं. माझा डावा हात आपोआप वर गेला आणि काचेवर सावली धरून थांबला. चित्र स्वच्छ झालं, पण फोटो काही मी काढला नाही. घरात मी एकटीच असते, दाखवणार कोणाला? मग कागद घेऊन बसले. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुला काय काय सांगायचं राहिलंय, त्याचाही माग लागत नाही.

बाबांची बँकेतली बदली झाली आणि आपण लखनौला, महानगर नावाच्या वस्तीतल्या त्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा तू घरात बोलेनाशी झालीस. रागावली नव्हतीस, नुसती गप्प. भाजीवाल्या भैयाशी दोन वाक्यं, बाबांशी जेवणापुरती, माझ्याशी अभ्यासापुरती. शाळेत माझ्या हिंदीला मुली हसायच्या, म्हणून मीही तोंड मिटून घरी यायचे. आपण दोघी दोन खोल्यांत दोन पुस्तकं घेऊन बसायचो. मग खालच्या मजल्यावरच्या मुसलमान शेजारीणबाईंच्या, ज्यांना सगळे खाला म्हणजे मावशी म्हणायचे, त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालणार नव्हता आणि तुझ्याकडे मामाने दिलेला कॅमेरा होता. तू गेलीस, फोटो चांगले आले, आणि जुन्या शहरातून बोलावणी येऊ लागली. ‘कैमरे वाली बाजी’, कॅमेरावाली ताई, हे तुझं नाव पडलं. बॅग धरायला मी असायचे.

कॅमेऱ्याच्या बाबतीत तू फार कडक होतीस. लेन्सवर फिल्टर हवाच, आणि फिल्टरच्या पुढे आटे फिरवून बसवलेलं ते छोटं काळं हुड. ‘काच उघडी ठेवायची नाही,’ तू मला पहिल्याच दिवशी दटावलंस, कारण मी फिल्टर काढून त्यातून बघत होते. ‘इथे अत्तर उडतं, पोरं खिरीची बोटं घेऊन येतात. फुटायचा तर फिल्टर फुटू दे.’ हुड कशाला, हेही तेव्हाच सांगितलंस. बाजूचा उजेड काचेवर आला की काळ्याचं राखाडी होतं, जरीचं पांढरं होतं.

तरी एका लग्नात, भर दुपारी, तूच काच उघडी केलीस. अंगणात निकाहनंतरचा विधी चालला आहे. नवरा-नवरीला एका ओढणीखाली बसवलंय, मध्ये आरसा, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या. आरशात ती दोघं एकमेकांचा चेहरा पहिल्यांदा बघणार. आधीच्या एका लग्नात याच वेळी घोटाळा झाला होता. ज्योतींचा उजेड फिल्टर आणि लेन्सच्या मध्ये उलटसुलट होऊन नवरीच्या कपाळावर हिरवट ठिपके उमटले होते, आणि ती मुलगी फोटो बघून रडली होती. म्हणून तू फिल्टर काढून माझ्या हातात देतेस. हुड फिल्टरवरच बसवलेलं, त्यामुळे तेही आलं. नवरा वैतागून म्हणतो, ‘देख लिया भई, अब उठूँ?’ मेव्हण्या ओरडतात, ‘बैठे रहिए दूल्हे मियाँ, अभी बाजी ने कहाँ देखा!’ आणि त्याच हसण्यात कोणीतरी गुलाबपाण्याची झारी हलवते. थेंब थेट काचेवर. तुला बॅगेतलं मऊ फडकं मागायलाही वेळ नव्हता. तू पदराने पुसलंस. पदराच्या जरीने.

तो फोटो मात्र सुरेख आला. नवरी आरशात हसतेय आणि हसू दाबतेय. पण लेन्सवर ओरखड्यांचं जाळं उमटलं ते कायमचं. त्यानंतर बाजूने जरा उजेड आला की चित्रावर धुकं चढायचं. तू बाजारातून लांबलचक नवं हुड आणलंस, म्हणालीस, आता एकही किरण आत येणार नाही. आला नाहीच. पण तुझ्या रुंद कोनाच्या लेन्सला ते हुड इतकं खोल होतं की प्रत्येक फोटोचे चारही कोपरे काळे. बघताना कॅमेऱ्यात ते दिसले नव्हते, लखनौतल्याच कपूरथळा भागातल्या दुकानातून प्रिंट आल्यावर कळलं. त्या लग्नघरातल्या अम्मी फोटो एकेक करून उलटत होत्या. ‘बाजी, फोटो तो बहुत अच्छे हैं, मगर हमारी बड़ी फूफी कहाँ गईं?’ मागून एक म्हातारी म्हणाली, ‘वहीं कोने में हैं, अँधेरे में। ज़िंदगी भर सबको कोने में बिठाया, आज ख़ुद बैठी हैं।’ मोठ्या आत्याबाईंवर सगळं घर हसलं. तूही हसलीस, पदर तोंडाला लावून. तुला तसं हसताना मी किती दिवसांनी पाहत होते.

पुढच्या लग्नात तू म्हणालीस, ‘तू उभी राहा इथे. दिवा जिकडे असेल तिकडून हात धर. चित्रात बोट येऊ द्यायचं नाही, पण अगदी कडेपर्यंत आण.’ मग मी तशीच उभी राहू लागले, तुझ्या खांद्याला खांदा लावून. आणि तू बोलू लागलीस. त्या उर्दूच्या गलक्यात आपलं मराठी कोणाला कळतंय! ‘ती हिरव्या शराऱ्यातली बघ, तिसऱ्यांदा फोटोत घुसली.’ ‘हात खाली. हं, तिथेच.’ ‘नवरीच्या मावशीचं नि आत्याचं वाजलंय वाटतं, दोघी दोन टोकांना.’ ‘दमलीस का गं?’ तुझ्या केसांना नारळाच्या तेलाचा वास यायचा. घरी परतल्यावर तू पुन्हा गप्प, आपापल्या खोलीत. पुढच्या बोलावण्याची मी वाट बघत बसायचे.

मग एका रविवारी बाबा म्हणाले, ‘पोरीला किती दिवस हात वर करून उभी ठेवणार? दिल्लीला चाललोय, नवी लेन्स घेऊन येतो.’ तू मटार सोलत होतीस. ‘बघा, मिळाली तर,’ म्हणालीस. बाबा आठवडाभराने आले ते लेन्सशिवाय. त्या मापाची नव्हती म्हणाले. तू चहा टाकायला उठलीस. तुझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसलं नाही. मी कॉलेजसाठी पुण्याला जाईपर्यंत आपलं तसंच चाललं. मी गेले त्या हिवाळ्यात तू लग्नं घेणं बंद केलंस. कारण पत्रात लिहिलं नाहीस, मी विचारलं नाही. आता या पत्रावर घालायला पत्ताही नाही.

माझ्या ओळखीचे लोक समजतात की फोटोंची आवड मला तुझ्याकडून आली. मी हो म्हणते. खरं तर मला कॅमेऱ्यात कधीच रस नव्हता. बाबा दिल्लीला गेले होते त्या आठवड्यात शाळेतून येताना मी रोज मनात म्हणायचे, लेन्स मिळू नये. मिळाली असती, तर मी पुन्हा नुसती बॅग धरून मागे उभी राहिले असते आणि तू लग्नांतही गप्प झाली असतीस.