कुलूप असलेल्या घराचं उत्पन्न

१४ नोव्हें.
जुने फॉर्म सापडले. कॉलेजच्या माळ्यावर, सुतळीने बांधलेले. पस्तीस वर्षांपूर्वी इथल्याच पोरांनी आमच्या गावात (चौसाळ्याच्या अलीकडे) घरोघर जाऊन वर्षाचं उत्पन्न लिहून घेतलं होतं. आता त्याच घरांना पुन्हा विचारायचं. उत्पन्नाप्रमाणे घरं रांगेत लावून तेव्हाचं मधलं घर नि आताचं मधलं घर शेजारी ठेवायचं. आमचे विभागप्रमुख खे. सर खूश.
मी आधी आमचं घर शोधलं. सदतीस नंबर. पुढे एकच शब्द: कुलूप.

१५ नोव्हें.
कुलूप लिहिलेली घरं बरीच. सगळी ऊसतोडीला गेलेली. फॉर्मवाली पोरं गावात गेली जानेवारीत, सवड तेव्हाच. ही घरं त्यांनी सोडली आणि उरलेली रांगेत लावली. म्हणजे आमचं मध्यक, ते मधलं घर, हे मागे राहिलेल्यांचं.
आणि त्या फॉर्मवाल्या दादाला उत्तर मीच दिलं होतं. दहा वर्षांची. शाळा सुटली की मी आमच्या बंद दाराशी जाऊन थांबायची. त्याने विचारलं, इथं कोण असतं? म्हटलं, कुणी न्हाई.

१९ नोव्हें.
सरांना म्हटलं, सोडलेली घरं आठवणीतून भरून काढू. माय-अण्णा नाहीत, पण सांगणारी आहेत.
"मॅडम, आठवणीला आकडा म्हणायचं का?"
तेव्हा लोकांनी सांगितले तेही आठवणीतलेच होते, म्हटलं.
"बरं. एक घर करून आणा. पटलं तर बाकीची घेऊ, नाहीतर राहू द्या."
एक घर. कुठलं निवडणार, हे त्यांना कळलं असेल का.

२३ नोव्हें., रविवार
गावी. मावशी ओसरीत लसूण सोलत बसलेली. मायची धाकटी बहीण, दोघी एकाच गावात दिलेल्या. माय-अण्णा तोडीला गेले की सहा महिने मी हिच्याकडे.
"लिहून कोन देनार हाय पैशे तुला?"
कोणी नाही.
"मंग कावून येड्यावानी फिरतीस?"
पण सांगत गेली. दोघांचा मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला एक जोडी. किती टन, किती दिवस, सगळं पाठ. "तुज्या मायवानी मोळी कुनी बांधत न्हवतं." आणि मग सहज, पाकळी टाकत:
"वाढ्याचे येगळे. ते हितं यायचे."
वाढे म्हणजे उसाचे शेंडे. जनावरांना विकायचे, ते पैसे बाईच्या हातचे. हितं कसे?
"टोळीचा मुकादम गावाकडं आला की तुजी माय त्याच्या हाती धाडायची. आमच्या मंदीला दूध लावा म्हनून. मी काय फुकट सांभाळली व्हय तुला?"
हसली. मीही हसले. येताना एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले.
रोज पेलाभर दूध. मी ते मावशीचं समजून प्याले. आणि माय गेली की मला विसरते, असंच…

२४ नोव्हें.
मावशीचा जुना फॉर्म. घर बावन्न. माणसं सहा: तिची पाच, सहावी मी. 'बाहेरून आलेले' या रकान्यात रक्कम आहे.
जुनी रांग पुन्हा लावून पाहिली. बरोबर मधे हेच घर. कॉलेजच्या जुन्या अहवालातला तो आकडा मी वर्गात कितीदा फळ्यावर लिहिलाय. माय रांगेत नव्हती, तिचे वाढे होते.
ते काढून तिच्या घरी लिहायला हवेत. दोन्हीकडे धरता येत नाहीत. काढले की मावशीचं घर खाली सरकतं.

३० नोव्हें.
मावशीला फोन केला, न सांगता करणं बरं वाटेना.
"काढ की. तुज्या मायचेच हायेत." मग, "आमी किती खाली जातो ते तेवढं नको सांगू मला."
फोन तिनेच लगेच ठेवला.

४ डिसें.
सदतीस नंबर लिहायला घेतलं. टन, दिवस, वाढे. एवढ्या वर्षांनी तिच्या कामाला रकाने मिळाले. अक्षर चांगलं आलं.
माणसांच्या रकान्याशी थांबले. नियम: एका चुलीवर जेवतात ते एक घर, एक माणूस एकाच घरात. उसाच्या फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, तिची चूल होती. त्या चुलीवरची भाकरी मिळावी म्हणून मी देवाला काय काय कबूल केलं होतं. एकदा ट्रकमागे पळाले, मावशीने वेणीला धरून परत आणलं. माय टपावरून बघत होती. हात केला नाही. केला असता तर मी थांबले नसते, हे तिला माहीत असणार.

९ डिसें.
सर: "झालं का तुमचं एक घर?"
झालं, एक रकाना राहिलाय.
"कुठला?"
माणसं.
"नवरा-बायको. दोन. त्यात काय?"
नियमाने दोनच. तिसरी मी, ती बावन्नमध्ये मोजून झालीय.
पेन्सिलने तीन लिहिलंय. फॉर्म अजून माझ्याच पिशवीत.