बायोच्या टाकीतले पितळी स्क्रू

१२ मे
टाकीची काच परत तांबडी. दोन महिन्यांपूर्वी बसवलेली क्लँप गंजली, पंप एका बाजूला लोंबतोय. दुकानदार छातीठोक म्हणाला होता, स्टील आहे काका, काही होत नाही. चाळीस वर्षं मिरकरवाड्याच्या बंदरात बोटींची इंजिनं बसवली आणि एका क्लँपला फसलो. सुमन असती तर नवऱ्याला दिवसभर हसली असती.

ती गेल्याला दहा महिने. ओटीवरची ही खाऱ्या पाण्याची टाकी तिची. शाळेत विज्ञान शिकवायची. मिऱ्याच्या किनाऱ्यावरच्या खडपातून एक समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा प्राणी, दगडासकट उचलून आणलंन्, त्यालाही अकरा वर्षं झाली. नाव ठेवलंन् बायो. दोन चिमुकले मासे आहेत, पण ते मागाहूनचे. सुमनच्या हातचं जिवंत असं घरात बायो तेवढी उरलीय.

बायो आज ठीक. पाकळ्यांसारखी सगळी बोटं पसरून.

१४ मे
मेघाचा ठाण्याहून फोन. गंजल्या क्लँपचा फोटो पाठवला होता, तो बघितलान् म्हणे. बाबा, नायलॉनचे स्क्रू नि प्लॅस्टिकची क्लँप घ्या, धातूच नको. म्हटलं, प्लॅस्टिक बादलीला ठीक. तर म्हणते मीच पाठवते. लेक आईवर गेलीय, विचारून काही करायचं नाही.

१७ मे
माळ्यावरचा बिस्किटाचा डबा काढला. आत बाबांच्या बोटीचे पितळी स्क्रू. बोट मोडायला काढली तेव्हा मी चौदा-पंधराचा. एकेक स्क्रू उलटा फिरवून काढला. बाबा वाळूत बसून होते. निघताना एवढंच म्हणाले, "पितळ ठेव. पितळाला समुद्र काय करत नाय." वीसेक वर्षं खाऱ्या पाण्यात, तरी आटे शाबूत.

चिंच लावून घासले. सुमन देवाची भांडी अशीच घासायची, मागीलदारी बसून, रेडिओ लावून. हाताला चिंचेचा वास संध्याकाळपर्यंत. बरं वाटलं.

१८ मे
बसवले. पितळी पट्टी वाकवून क्लँप घरीच केली. आठ स्क्रू, सगळे पाण्याखाली. पंप आता हलायचं नाव नाही.

बाबांनी सून बघितली नाही. लग्नाच्या आधीच गेले. आज त्यांचे स्क्रू तिच्या टाकीत. खुर्ची ओढून किती वेळ बघत बसलो. डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं.

२१ मे
मेघाचं पार्सल. नायलॉनचे पांढरे स्क्रू, खेळण्यातले वाटतात. न फोडताच खणात टाकलं. तिला सांगितलं, मिळालं.

२४ मे
बायो आक्रसलीय. उकाडा असेल. पिशवीत बर्फ बांधून सोडला. मासे मजेत, म्हणजे पाणी चांगलं असणार.

२७ मे
बायो सुपारीएवढी. कोळंबीचा तुकडा चिमट्याने तोंडाशी धरला, घेतला नाही. खारटपणा मोजला, बरोबर. पंप चालू. काय चुकतंय?

सुमन रोज सकाळी चहा घेऊन टाकीपुढे. "उठलीस गो बायो?" मग चहाचा पहिला घोट. मी म्हणायचो, नवरा उठला का ते पण विचार कधीतरी. ती म्हणायची, तुम्ही उठता ते अख्ख्या आळीला कळतं. माझा खोकला.

आता तो चहा मी घेतो, पण विचारत नाही. लाज वाटते.

३० मे
घरात बसवेना म्हणून मिरकरवाड्याला. हंगाम संपला, बोटी वर ओढतायत. हसन मिस्त्री भेटला, माझा जुना दोस्त, बोटीचा सुतार. बूड खरवडत होता. रंग उडालेल्या जागी शिंपल्यांचा जाड थर, बाकी बूड स्वच्छ. बायोचं सांगितलं, नि कौतुकाने बाबांच्या स्क्रूंचं पण.

हसन थांबला. इंजिनासाठी पाणी आत घ्यायच्या पितळी जाळीवर खरवडणी ठेवली. म्हणाला, "हितं बघ. एक तरी शिंपला धरलाय? तांबं लागलं की त्यांचा जीव जातो. आपण तांब्याचा रंग बुडाला उगाच फासतो काय?"

पितळात तांबंच की. जन्मभर तोच रंग फासला, कशासाठी ते चांगलं ठाऊक होतं. समुद्र पितळाचं काही करत नाही हे बघितलं. पितळ टाकीचं काय करील ते नाही बघितलं. समुद्र केवढा, टाकी केवढी! शिरा पडली माझ्या अकलेवर.

रिक्षाने घरी. चप्पल न काढता स्क्रू काढले.

३१ मे
मेघाचे स्क्रू नि क्लँप लावली. घट्ट बसलीय, नाव ठेवायला जागा नाही. पाण्यातलं तांबं शोषायला कार्बनची पिशवी सोडली. पाणी थोडं थोडं बदलायचं, एकदम नाही. पाऊस लागला की समुद्र गढूळ, वर गोडं पाणी मिसळणार, म्हणजे हातात चार-पाच दिवस. हसन टेंपो घेऊन येतो म्हणाला. सुमनचा नियम होता, पाणी भरतीचंच, नि बंदरातलं तेल नको म्हणून मिऱ्याकडचं.

रात्री मेघाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मुद्दाम नाही केलंत." मुद्दाम नाही. पण केलं मीच.

२ जून
भरतीच्या पाण्याचे सहा कॅन आणले. मासे तसेच मजेत, एवढं तांबं त्यांना बाधत नाही, त्यांचा राग येतो.

स्क्रू धुऊन डब्यात. टाकवले नाहीत. बाबा खोटं बोलले नव्हते.

४ जून
ढग भरलेत. सकाळी शेवटचे कॅन आणले, आता आपल्या हातात काही नाही.

चहा घेऊन टाकीपुढे बसलो. इकडेतिकडे बघितलं, कोणी नव्हतं. विचारलं, "उठलीस गो बायो?" खोकला आला.

मग दोन-तीन बोटं बाहेर दिसली. की पंपाच्या पाण्याने हलली, चष्मा पुसून बघितलं तरी कळेना. चहा गार झाला, तसाच प्यायलो.