लताच्या विहिरी आणि ३८६

नंदनवन, नागपूर
५ मार्च १९८९

ती. दादास सविनय जयभीम, वि. वि.

घरच्या कॉम्प्युटरला २८६ चा प्रोसेसर पुष्कळ झाला, असं तू लिहितोस. पुण्यात बसून तसं वाटणारच! उमरेडच्या कोळसा खाणीतल्या उपशाने लगतच्या विहिरींचं पाणी किती उतरेल, हा माझा हिशेब कॉलेजच्या २८६ वर संपतच नाही. मध्येच लाईट जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. ३८६ असला तर लाईट जायच्या आत उत्तर हाती येईल. माझे मार्गदर्शक सर जूनअखेर निवृत्त होतात आणि या विषयाचं दुसरं कुणी इथे नाही. प्रबंध त्याआधी गेला नाही तर सगळं पाण्यात.

जुळणी तुझ्याच हातची हवी. बाबा पार्सलसाठी रोज गेटाकडे बघतात. माया पार्सलात भरून पाठव.

तुझी लता

पुणे
२० मार्च

चि. लतास आशीर्वाद व जयभीम.

हरलो बुवा. ३८६ च बसवला, शेजारी आकडेमोडीची चिपही. एकच काळजी आहे. हा तापतो, आणि तुमचा मे महिना मला ठाऊक आहे. खोली गार ठेवा, त्याला हवा लागू द्या. बाबांनाही सांग. या उपदेशाने रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझा मधुदादा

नागपूर
४ मे

ती. दादास जयभीम.

हिशेब अर्ध्यावर आला होता. परवा मी कॉलेजात असताना बाबांनी कॅबिनेट उघडलं आणि कूलर ओढून थेट त्यावर लावला. गार हवेबरोबर पाण्याचे तुषारही आत गेले. आता मशीन सुरूच होत नाही. मी भागच कच्चा निघाला असं सांगितलं, तरी बाबा दोन घास खाऊन उठले. मला फार वाईट वाटलं.

घरची पत्रं तेच उघडतात, म्हणून तू त्यांनाच तसं लिही. आणि आता २८६ च पाठव. पुन्हा ३८६ मागवला तर आपण काय घालवलं ते त्यांच्या डोळ्यांसमोर राहील. मी निम्म्या विहिरी हिशेबातून गाळून भागवीन. सांभाळून घेशील ना?

लता

नागपूर
१६ मे

चि. मधुसूदनास आशीर्वाद व जयभीम.

भाग कच्चा होता, २८६ पाठवतो, हे तुझं पत्र मिळालं. बाळा, वीज मंडळात माझा जन्म गेला. कूलरचा पंप बंद करून नुसती हवा सोडायची होती, तो बंद करायला विसरलो. मशीन आतून पुसलं तेही मीच. तुम्ही दोघं माझ्यासाठी खोटं बोललात, याचं बरं वाटलं आणि जीवाला लागलंही.

काल लता नकाशावरच्या विहिरींवर काट मारत बसली होती. मी विचारलं, "काहून वं, या काहून खोडून राहिली?" म्हणाली, या कामाच्या नाहीत. पण त्या विहिरींवरही बायका पाणी भरतात. तुझ्या आत्याची, आपल्या सिंधूताईची विहीरही त्यातच आहे, आणि पाणी कधी आटेल हे तिला कुणी सांगणार नाही.

तेव्हा ३८६ च पाठव. उशीर झाला तरी चालेल, निवृत्तीनंतरही प्रबंध बघा म्हणून सरांना मी स्वतः जाऊन भेटतो. ती नको म्हणेल. तिला सांग, बाबांनी मागितला.

तुम्हा दोघांवर माझा जीव आहे, तुमचाही असाच राहू द्यावा.

तुझा बाबा
बळीराम