तेवीस पेट्यांचा पंचनामा

कोल्हापूर,
दि. ३० मे २०२२

प्रिय प्रसेन,

सप्रेम जय भीम. वहिनींना माझा आणि अनुजाचा नमस्कार. संघप्रियाची बारावीची परीक्षा चांगली गेल्याचे कानावर आले. निकालाचे पेढे मात्र मी हक्काने मागणार आहे.

कसबा बावडा काही परदेश नाही. दुचाकीने वीस मिनिटांचा रस्ता. तरीही टपालाने लिहितो आहे. विषय कागदपत्रांचा आहे, तेव्हा लेखी असलेला बरा, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे.

आपली पेठ पुरातून बरीच सावरली. एक्केचाळीसपैकी चाळीस दुकाने उघडली. मंडळाचे अध्यक्ष बाळासो यांनी कापडाच्या दुकानाला काचेचे दार बसवले आणि पहिल्याच आठवड्यात स्वतःच त्यावर आपटले. माझे वह्या-कागदांचे दुकान यंदा पोटमाळ्यासह रंगवले. चौदा एप्रिलच्या आधी गाण्याची दोन पथके पेटी सुरात लावून घ्यायला तुझ्या बंद दुकानाच्या दारात आली होती. शटर बघून उभी राहिली. समोरच्या अंबूबाईंनी त्यांना चहा पाजला आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "प्रसेनभाऊ न्हाईत, तर ही गल्ली मुकी झालीया बघा."

आता मूळ मुद्दा. पूरग्रस्त व्यापाऱ्यांची जी प्रकरणे पहिल्या फेरीत नामंजूर झाली, त्यांचा फेरविचार होणार आहे. आपल्या पेठेतून असे एकच प्रकरण आहे, तुझे. मुदत ३० जून. सोबतचा अर्ज मी भरून ठेवला आहे; खुणेच्या तिन्ही ठिकाणी सही करून परत पाठव. दुकान पुन्हा उभे करण्यापुरती रक्कम त्यातून मिळेल. जागामालकही जूनअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत. त्यानंतर ते गाळा दुसऱ्याला देतील.

मागच्या वेळी तुझे प्रकरण का अडले, हे तुला माहीत आहेच. पंचनाम्याच्या नमुन्यात 'दुकानात शिरलेल्या पाण्याची उंची' एवढाच रकाना होता. तुझे जोते उंच, पाणी तिसऱ्या पायरीवर थांबले. मला शून्य लिहिणे भाग होते. नियमाला इलाज नाही.

कळावे. प्रकृतीची काळजी घे.

तुझा,
अमरसिंह
सचिव, व्यापारी मंडळ


कोल्हापूर,
दि. १४ जून २०२२

प्रिय प्रसेन,

तुझा लिफाफा शनिवारी मिळाला. अर्ज जसा पाठवला तसाच परत आला, सहीविना. सोबत चिठ्ठी, एका ओळीची: 'अमर, शेऱ्याचा रकाना होता.'

होता.

मी ती चिठ्ठी अनुजाला दाखवली. तिने विचारले, "खरं हाय का हे?" मी हो म्हणालो. ती उठून आत गेली आणि त्या दिवशी माझ्याशी कामापुरतेच बोलली. तेव्हा जे गेल्या पत्रात टाळले, ते आता क्रमाने लिहितो. क्रम चुकला तर मला पुन्हा पळवाट सापडेल.

राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, नदी पेठेत आली आणि तुझे दुकान सात दिवस पाण्याच्या वेढ्यात बंद राहिले. पाणी ओसरल्यावर सरकारी पथकाबरोबर मी पंचनाम्याला आलो तेव्हा पथकातले लोक थकलेले होते. माझे अक्षर चांगले म्हणून नमुने मी भरत होतो, आणि पंच म्हणून सहीही माझीच. तू शटर वर केलेस. आतून जो वास आला, तो मला आजही आठवतो. कोंडलेल्या ओलीने सरस सुटून पेट्यांचे सांधे उघडले होते, भाते कुजले होते, ढोलक्यांच्या पुड्यांवर हिरवी बुरशी होती. तू एक पेटी उचललीस, तर तिचा तळ जमिनीवरच राहिला.

मी पट्टी लावून म्हणालो, "आत पाणी नाही."

तू म्हणालास, "आरं, पाणी आलं न्हाय हे मी बी म्हणतोय की! मग हिला काय घाम फुटलाय व्हय? जे दिसतंय ते लिही, अमऱ्या. एक इंच जास्त लिहू नको."

तू खोटे लिहायला सांगितले नव्हतेस. हे मी दहा महिने स्वतःपासूनसुद्धा लपवून ठेवले. बाळासोंना सांगताना 'प्रसेनला पाण्याची उंची वाढवून हवी होती' असे मी म्हणालो नाही. पण त्यांनी तसा अर्थ घेतला तेव्हा मी त्यांना दुरुस्तही केले नाही.

उंचीच्या रकान्याखाली शेऱ्यासाठी चार ओळींची जागा होती. मी ती कोरी ठेवली. कारण आदल्याच दिवशी पारावर कुणीतरी म्हणाले होते, "सेक्रेटरीचा दोस्त हाय, त्येचं काम आधी हुणार." ते वाक्य मला झोंबले. एक्केचाळीस पंचनाम्यांवर माझी सही होती; त्यांतला एक तरी माझ्या माणसाच्या विरोधात जावा, म्हणजे बाकीच्या चाळिसांवर कोणी बोट ठेवणार नाही, असा हिशेब मी उभ्या उभ्या केला. तू नेमका हाताशी होतास. माझ्या सचोटीचा दाखला म्हणून मी तुझे दुकान दिले, प्रसेन. आणि वर लोकांकडून ऐकून घेतले, की अमरसिंहाने मित्रालाही सोडले नाही. मला ते आवडले होते.

आपण कॉलेजात असताना तुझे वडील वारले, दुसऱ्या वर्षात तू शिक्षण सोडून त्यांच्या दुकानात बसलास. मी पदवी घेतली ती तुझ्याच टिपणांवर. माझी वही तेव्हाही सुंदर असायची आणि आतला मजकूर तुझा असायचा. हे मी कधी कोणाला सांगितले नाही. तूही नाहीस.

काल तहसील कार्यालयात जाऊन मी पुरवणी जबाब दिला. बाळासो अडवत होते. "एकदा लिवलं ते लिवलं. आता उकरून समद्यांच्या पंचनाम्यावर संशय आणताय व्हय?" मी त्यांना सांगितले, की इतर चाळीस पंचनामे खरे आहेत आणि ते मी केव्हाही सिद्ध करीन, खोटा राहिला आहे तो एकच, आणि तो मीच लिहिला आहे.

तिथले अधिकारी तरुण आहेत. त्यांनी विचारले, "नुकसान दिसत होतं, तर त्या वेळी का लिहिलं नाही?"

मी म्हणालो, "मित्र आहे म्हणून."

ते पेन खाली ठेवून हसले. "काका, लोक मित्र आहे म्हणून नसलेलं लिहितात. तुम्ही असलेलं लिहिलं नाही?"

त्यांनी माझे वाक्य जसेच्या तसे नोंदवले. तेवीस पेट्या, नऊ ढोलक्या, चार तबल्यांच्या जोड्या. मी त्या दिवशी मोजल्या होत्या, आकडे पाठ होते. जबाबाखाली सही केली. अक्षर वाईट आले. कागद बदलून मागितला नाही.

निकाल काय लागेल, ते मला माहीत नाही. जबाबामुळे प्रकरण उघडले आहे, पण तुझ्या सहीविना पुढे सरकणार नाही. तुला त्या गल्लीत परत यायचे नसेल, माझ्या शेजारी तर नसेलच, तर तेही मला समजू शकते. दुकान तुझे आहे. माझ्या मनाला बरे वाटावे म्हणून तू ते उघडावेस, अशी अपेक्षा धरणे म्हणजे तुला दुसऱ्यांदा वापरणे होईल.

रविवारी, १९ तारखेला, सकाळी दहा वाजता अर्ज घेऊन बावड्याला येतो. सही कर, नाहीतर माझ्यादेखत फाडून टाक. दोन्हींचा अधिकार तुझा. जे बोलायचे ते वहिनींसमोर, संघप्रियासमोर बोल. मी मधे बोलणार नाही. फक्त या वेळी उत्तर टपालाने पाठवू नकोस.

तुझ्या दारात येऊन उभा राहणारा,
अमर